नंबर बरोबर, तरी दिसतं वेगळंच

मायनस नंबरच्या चष्म्याबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली आणि बहुतेकांची तक्रार एकाच घरातली निघाली: तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचता येते, डॉक्टर म्हणतात नंबर बरोबर आहे, पण रस्त्यावर, जिन्यावर किंवा रात्री गाडी चालवताना काहीतरी खटकतं. तक्त्यावर पांढऱ्या पाटीवरची काळीभोर अक्षरं असतात, खोलीत उजेड ठरावीक असतो आणि आपण काचेच्या बरोबर मध्यातून बघत असतो. बाहेर यातलं एकही कायम नसतं. निवडक प्रश्नांची उत्तरं खाली देत आहोत.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना -८.०० आहे. चष्मा बोटाने वर ढकलून डोळ्यांना चिकटवला की बसची पाटी एकदम स्पष्ट दिसते. बोट काढलं की पुन्हा पुसट. दुकानदार म्हणतो नंबर तोच आहे. मग हे काय? (वाचक, नाशिक)

दोघांचंही खरं असू शकतं. मायनस काच डोळ्यापासून जितकी लांब जाते तितका तिचा जोर कमी पडतो. डोळे तपासताना काच साधारण १२ मिलिमीटरवर होती असं धरू. तिथून -८.०० ची काच डोळ्याच्या पृष्ठभागापाशी सुमारे -७.३० इतकं काम करते. घाम आला, नोज पॅड फाकले आणि चष्मा ५ मिलिमीटर पुढे घसरला की तीच काच -७.०५ च्या आसपास येते. म्हणजे फक्त घसरण्यामुळे पाव नंबर गेला. -२.०० वाल्याला हा फरक कळणारही नाही. तुमच्या नंबरला पाटी वाचण्या-न वाचण्याइतका पडतो.

आधी नोज पॅड आणि कानामागची वळणं नीट करून घ्या. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि सहसा त्याचे पैसेही कोणी घेत नाही. त्यानंतरही चष्मा ढकलल्यावर जास्त स्पष्ट दिसत असेल, तर नंबर खरोखर वाढला आहे. चष्मा वरून-खालून तिरका केल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर नंबर थोडा कमी पडतोय किंवा सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेला लागणारा, नंबर राहून गेला असण्याची शक्यता आहे. मधुमेह असेल तर नंबर काढण्याच्या दिवशी साखर आटोक्यात हवी. साखर फार वाढलेली असताना डोळ्याचा मायनस नंबर तात्पुरता वाढतो, आणि त्या दिवशी केलेला चष्मा महिन्याभरात चुकीचा ठरतो.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की नव्या काचेतून माणसं बारकी आणि जमीन खोल वाटते. तो दोष काचेच्या जातीतच आहे. -८.०० च्या चष्म्यातून प्रतिमा सुमारे ९ टक्के लहान होते, -३.०० मधून साडेतीन टक्के. लहान दिसलं की मेंदू ते लांब आहे असं समजतो, म्हणून पायरी उतरताना पाऊल अडखळतं. शिवाय कडेच्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात, दाराची चौकट पिंपासारखी वाटते. बहुतेकांना आठ-पंधरा दिवसांत सवय होते, पण ती चष्मा सलग वापरला तरच. घरी जुना आणि बाहेर नवा असं केलंत तर मेंदू दोन्हीकडून नापास. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये हा आकाराचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. मोठ्या नंबरचे काही जण लेन्स घातल्यावर तक्त्यावरची एखादी ओळ जास्त वाचतात, त्याचं कारण हेच.

साध्या काचेऐवजी १.६७ इंडेक्सची पातळ काच घेतली. नंबर -६.०० च आहे. काच सुंदर दिसते, पण बाजूला नजर टाकली की ट्यूबलाइटच्या एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला केशरी किनार दिसते. काच खराब निघाली का? (वाचक, सातारा)

काच चांगली आहे. तुम्ही जाडी कमी करायला गेलात आणि त्याची किंमत रंगात मोजली, एवढंच. हा व्यवहार दुकानात कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. इंडेक्स म्हणजे काचेचं द्रव्य प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा, तो जितका मोठा तितकी काच पातळ.

काच मध्याबाहेर लोलकासारखी वागते आणि लोलक प्रकाशाचे रंग फाकवतो. किती फाकवतो हे ॲबे नंबरावरून कळतं, तो जितका मोठा तितकं बरं. साध्या १.५० च्या प्लास्टिक काचेचा ॲबे नंबर ५८, १.६० चा सुमारे ४१, १.६७ चा ३२, १.७४ चा ३३ आणि पॉलिकार्बोनेटचा ३०. आता तुमच्या -६.०० च्या काचेच्या मध्यापासून दीड सेंटिमीटर बाजूला बघितलं, म्हणजे डोळा साधारण ३० अंश वळवला, तर तिथे ९ प्रिझम (लोलकाचा जोर मोजायचं माप) इतका लोलक तयार होतो. ९ ला ॲबे नंबराने भागा: साध्या काचेत ०.१६, १.६० मध्ये ०.२२, १.६७ मध्ये ०.२८, पॉलिकार्बोनेटमध्ये ०.३०. ०.१ च्या पुढे गेलं की अनेकांना किनार जाणवू लागते. काचेच्या मध्यात हे गणित शून्यावर येतं, म्हणूनच तक्त्यासमोर बसल्यावर सगळं छान दिसतं. किनार दिसली नाही तरी बाजूची बारीक अक्षरं थोडी पसरतात.

खात्री करायची असेल तर अंधाऱ्या खोलीत एकच उभी पेटलेली पट्टी किंवा दाराची उजेडाची फट बघा. आधी सरळ बघा, मग डोकं उजवीकडे वळवून डोळे फटीवरच ठेवा. किनार उमटेल. डोकं फटीकडे फिरवा, ती जाईल. मान वळवून बघायची सवय लागली की अर्धी तक्रार संपते.

आता जाडीचं बघू. -६.०० च्या गोल काचेत मध्यापासून कडेपर्यंत वाढणारी जाडी, व्यास ६० मिलिमीटर धरला तर, १.५० मध्ये सुमारे ५.४ मिलिमीटर, १.६० मध्ये ४.५, १.६७ मध्ये ४.० आणि १.७४ मध्ये ३.६. म्हणजे १.६७ वरून १.७४ वर उडी मारून मिळतो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फायदा, आणि बिल मात्र चांगलंच फुगतं. उलट फ्रेम लहान घेऊन व्यास ५० वर आणला तर १.६० चीच काच ३.१ वर येते. लहान फ्रेममधली १.६० ही मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षा पातळ पडते, शिवाय रंगही कमी फाकवते. मोठ्या चौकोनी फ्रेमची फॅशन मोठ्या मायनस नंबरला मुळीच मानवत नाही, हे आमचं स्पष्ट मत. तुमचा डोळा फ्रेमच्या आडव्या मध्यावर येईल अशी, थोडी गोलसर फ्रेम निवडा. -४.०० पर्यंत १.५० किंवा १.६०, त्यापुढे -८.०० पर्यंत १.६० किंवा १.६७, आणि १.७४ त्याच्याही पुढे.

लहान मुलं, खेळाडू आणि एकाच डोळ्याने दिसणारी माणसं यांना मात्र रंगांची पर्वा न करता पॉलिकार्बोनेट द्यावं. ते सहजी फुटत नाही, आणि तिथे तेच महत्त्वाचं.

फोटो पाठवून ऑनलाइन चष्मा मागवला, नंबर -५.००. घातला की तासाभरात कपाळ आणि डोळ्यांमागे दुखतं. जुन्या चष्म्याने दुखत नाही. नंबर दोन्हींचा सारखा आहे. (वाचक, पणजी)

नंबर सारखा असेल तर संशय पीडीवर जातो. पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर. काचेचा मध्य बाहुलीसमोर नसेल तर वर सांगितलेला लोलक सरळ बघतानाही डोळ्यासमोर येतो. हिशोब सोपा आहे: मध्य किती सेंटिमीटर सरकला गुणिले नंबर. समजा तुमची पीडी ६२ आणि काचांच्या मध्यांतलं अंतर ६८ निघालं. प्रत्येक डोळ्याला ३ मिलिमीटरची चूक, म्हणजे ०.३ × ५ = १.५ प्रिझम, दोन्ही मिळून ३. मायनस काचेत मध्य असे बाहेर सरकले, तर एक प्रतिमा राखण्यासाठी डोळ्यांना सरळ रेषेपेक्षा बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. डोळे आत वळायला तयार असतात, बाहेर फाकायला त्यांची ताकद फारच थोडी. दुखतं ते तिथे.

घरी तपासता येतं. चष्मा हात लांब करून धरा आणि एका काचेतून खिडकीच्या चौकटीची उभी कड बघा. काचेच्या आत दिसणारी कड आणि काचेच्या वर-खाली दिसणारी कड तुटक वाटेल. चष्मा हळूहळू डावीकडे-उजवीकडे सरकवा. एका जागी तिन्ही तुकडे एका ओळीत येतील. तिथे व्हाइटबोर्डच्या मार्करने बारीक उभी रेघ काढा. दुसऱ्या काचेचंही तसंच करा आणि दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा. मग आडवी कड घेऊन वर-खालीही तपासा. सिलिंडरचा नंबर मोठा आणि तिरका असेल तर हा प्रयोग फसतो, तेव्हा दुकानातल्या लेन्सोमीटरवरच (काचेचा नंबर आणि मध्य दाखवणारं यंत्र) खुणा करून घ्या.

पीडी मोजायला दुसरं माणूस लागतं. त्याने तुमच्यासमोर हातभर अंतरावर, त्याच उंचीवर बसावं. पट्टी तुमच्या नाकाच्या मुळावर टेकवायची. त्याने उजवा डोळा मिटायचा आणि तुम्ही त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायचं. पट्टीचा शून्य तुमच्या उजव्या बाहुलीच्या बाहेरच्या कडेला लावायचा. आता पट्टी न हलवता त्याने डावा मिटून उजवा उघडायचा आणि तुम्ही त्यात बघायचं. तुमच्या डाव्या बाहुलीच्या आतल्या कडेवर जो आकडा येईल ती पीडी. एक कड बाहेरची धरली तर दुसरी आतली, इथेच लोक चुकतात. तीनदा मोजा. नाक थोडं एका बाजूला असलं तर दोन्ही डोळ्यांचं अंतर वेगवेगळं, समजा ३०.५ आणि ३१.५, द्यावं लागतं, आणि मोठ्या नंबरला हे दुकानात प्युपिलोमीटरवर, म्हणजे पीडी मोजायच्या यंत्रावर, मोजलेलं चांगलं.

वर-खालीची चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त छळते. -५.०० च्या चष्म्यात एक काच दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर वर असली तर दीड प्रिझमचा उभा फरक पडतो, आणि एक प्रिझमही अनेकांना सोसत नाही. त्यामुळे खुणा जमल्या तरी फ्रेम वाकलेली नाही ना ते बघा. काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवा. डगमगला तर वाकलाय.

सायकलिंगसाठी चेहऱ्याभोवती वळणाऱ्या गॉगलमध्ये -६.०० चा नंबर बसवला. समोरचंही पुसट दिसतं. (वाचक, कोल्हापूर)

काच तिरकी बसली की तिचा नंबर बदलतो. २० अंशांनी वळलेल्या फ्रेममध्ये तुमची -६.०० ची काच -६.२५ च्या जवळ जाते आणि वर सुमारे ०.८ चा सिलिंडर फुकटात मिळतो. शिवाय काचेचा मध्यही हलतो. लॅबला फ्रेमचा कोन कळवून बदललेला नंबर बनवून घ्यावा लागतो, आणि सगळ्या लॅब ते करत नाहीत. आत नंबरची छोटी सपाट क्लिप बसणारा गॉगल किंवा कॉन्टॅक्ट लेन्सवर बिननंबरचा गॉगल, हे दोन्ही स्वस्तात सुटणारे मार्ग. साध्या फ्रेमचा ८-१० अंशांचा कल चालतो. त्याने ०.२ हून कमी सिलिंडर येतो.

मुंबई-पुणे रस्त्यावर रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना शेपट्या फुटतात, एका दिव्याचे दोन दिसतात. दिवसा काहीच त्रास नाही. रात्रीचा पिवळा चष्मा घ्यावा का? (वाचक, पिंपरी)

पिवळा घेऊ नका. तो उजेड आणखी कमी करतो. डोळ्यांना बरं वाटतं, पण कडेने चालणारा माणूस उशिरा दिसतो.

रात्री बाहुली मोठी होते. दिवसा लहान बाहुली ज्या चुका झाकून टाकते, पाव मायनस कमी, अर्धा सिलिंडर किंवा १० अंशांनी हुकलेला ॲक्सिस (सिलिंडरची दिशा), त्या सगळ्या उघड्या पडतात. ॲक्सिस १० अंश हुकला तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश एवढी चूक उरते. शेपट्या एकाच तिरक्या दिशेने जात असतील तर सिलिंडर तपासून घ्या. तपासताना लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं वाचायला लावायला सांगा. लाल बाजू जास्त ठळक दिसली तर मायनस कमी पडतोय, हिरवी ठळक दिसली तर जास्त झालाय. दोन्ही सारखी हवीत.

एकाचे दोन दिवे दिसतात ते बहुधा काचेच्या दोन पृष्ठभागांमधल्या परावर्तनामुळे. कोटिंग नसलेली १.५० ची काच सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, १.६७ ची १२ च्या वर. म्हणजे पातळ काच घेतली तर अँटिग्लेअर, म्हणजे चमक कमी करणारं कोटिंग, ही चैन राहत नाही, ती गरज होते. चांगलं कोटिंग हे प्रमाण एक-दीड टक्क्यावर आणतं. आता एक डोळा मिटून बघा. दोन दिवे एकाच डोळ्याने दिसत असतील तर काच, सिलिंडर किंवा मोतीबिंदू. फक्त दोन्ही डोळे उघडे असताना दिसत असतील तर डोळ्यांची दिशा किंवा वरची पीडीची भानगड.

कोटिंग असूनही त्रास असेल तर काच उजेडात तिरकी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर कोटिंग गेलंय. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला, गरम पाण्याने धुतला, की प्लास्टिक फुगतं, कोटिंग तेवढं फुगत नाही आणि तडकतं. यावर इलाज नाही, काच बदलावी लागते. चष्मा साध्या नळाखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी चोळा, धुवा आणि मायक्रोफायबरने टिपा. कोरड्या काचेवर पदर किंवा शर्टाचं टोक फिरवलं की रस्त्यावरची धूळ पॉलिश पेपरचं काम करते. आणि गाडीची समोरची काच आतून पुसा. तिच्यावरचा तेलकट थर लोक विसरतातच.

पन्नाशीनंतर मायनस नंबर पुन्हा वाढू लागला आणि दिव्यांभोवती चमक पसरू लागली, तर नवा चष्मा करण्याआधी मोतीबिंदू तपासा. अचानक लखलख चमकणं, काळे ठिपके खूप वाढणं किंवा बाजूला पडदा आल्यासारखं वाटणं, हे मोठ्या मायनस नंबरवाल्यांमध्ये दृष्टिपटल सुटण्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

मुलगी ११ वर्षांची, नंबर -२.५०. सासूबाई म्हणतात नंबर थोडा कमी द्या, म्हणजे वाढणार नाही. डॉक्टरांनी ठिपक्यांची काच सुचवली आहे. तिने अंधुक दिसेल का? (वाचक, ठाणे)

सासूबाईंचा समज जुना आहे आणि एके काळी डॉक्टरही तसंच करत. पण २००२ साली मलेशियात झालेल्या अभ्यासात पाऊण नंबर कमी दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढला. वर फळा दिसत नाही तो वेगळाच. नंबर जास्त दिला तरी चूकच. मुलांचे डोळे ताण देऊन जास्तीचा मायनस पचवतात, म्हणून पहिला नंबर थेंब घालून काढलेला हवा.

ठिपक्यांच्या काचेचे प्रकार आहेत. त्यातल्या हाँगकाँगमध्ये तपासलेल्या एका रचनेत मध्यावर ९ मिलिमीटरचा स्वच्छ भाग आणि भोवती +३.५० चे सुमारे ४०० सूक्ष्म भिंग असतात. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या दोन वर्षांच्या चाचणीत ८ ते १३ वयाच्या मुलांचा नंबर वाढण्याचा वेग सरासरी निम्म्यावर आला. सरळ बघताना तिला स्वच्छ दिसेल. डोळे कडेला नेले तर किंचित धुरकट, पहिला आठवडा खटकेल. इथे फ्रेम घसरू देणं अजिबात चालत नाही, कारण स्वच्छ भाग बाहुलीखाली गेला की ती दिवसभर ठिपक्यांतून बघणार. कानामागे रबरी पकड लावा आणि दर महिन्याला फ्रेम आवळून घ्या. रोज दोन तास उघड्यावर खेळायला पाठवा, ते या काचेने होत नाही.

वय ४४, नंबर -६.००. चष्म्याने पेपर वाचता येतो, कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या की मोबाइल लांब धरावा लागतो. लेन्स चुकीची दिली का? (वाचक, दुबई)

लेन्सचा आकडा -५.५० किंवा -५.७५ असेल तर ती बरोबर आहे, कारण १२ मिलिमीटर लांब असलेली -६.०० डोळ्यावर -५.६० च असते. पेटीवर -६.०० दिसलं तर मात्र विचारा. आकडा बरोबर असूनही वाचताना फरक पडतो: ४० सेंटिमीटरवर वाचायला चष्म्यातून डोळ्याला सुमारे २.१ इतका जोर लावावा लागतो, लेन्समधून २.४. शिवाय चष्म्याची काच वाचताना डोळे आत वळवायलाही थोडी मदत करते, लेन्स ती करत नाही. पंचविशीत हे कळत नाही, चाळिशीत कळतं. लेन्सवर वाचायला +०.७५ किंवा +१.०० चा साधा चष्मा ठेवा. लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्स मिळतात, पण रात्री दिव्यांभोवती वलयं आणि फिकेपणा येतो. रात्री गाडी चालवत असाल तर आधी चाचणीच्या लेन्स घालून बघा.

एसीत बसून लेन्स धूसर होत असेल तर पापणीकडे लक्ष द्या. मिटताच स्पष्ट आणि तीन-चार सेकंदांत पुन्हा पुसट, तर लेन्स सुकतेय. मिटताच पुसट आणि मग स्थिर, तर लेन्स सैल आहे किंवा सिलिंडरची लेन्स फिरतेय.

कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघितलं तर चष्म्याशिवाय लांबचं दिसतं. व्यायामाने नंबर जातो असं म्हणतात ते हेच का? (वाचक, लातूर)

नाही. भोक लहान असल्याने पसरणारे किरण अडतात आणि ठिपका बारीक राहतो. डोळे बारीक करून बघता तेव्हाही तेच होतं. डोळ्याची लांबी तेवढीच राहते. भोकाचा खरा उपयोग तपासणीला: चष्मा घालून अंधुक दिसतंय आणि भोकातून स्पष्ट झालं, तर चष्म्याचा नंबर बदला. भोकातूनही अंधुकच राहिलं, तर चष्म्याच्या दुकानात न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.